पाठीवरची सुरगाठ

फ्रॉकच्या पाठीवरचा बो कमरेच्या रेषेत आडवा बसला पाहिजे. एक पाकळी डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही टोकं खाली मोकळी. बऱ्याच घरांत तो तसा बसत नाही. वाढदिवसाला निघालेली मुलगी आरशाकडे पाठ करून मान वळवते, तर बो उभा दिसतो. एक पाकळी मानेकडे, दुसरी जमिनीकडे. आई तो सोडून पुन्हा बांधते, पाकळ्या ओढून आडव्या करते. मुलगी जिन्यावरून धावत उतरली की बो पुन्हा उभा. मग कापडाला नाव ठेवलं जातं, नाहीतर शिवणाऱ्या बाईंना. दोष दोघांचाही नसतो. तो बांधण्याच्या क्रमात असतो.

बोमध्ये एकावर एक अशा दोन गाठी असतात. पहिल्या गाठीत उजवं टोक डाव्यावरून नेलं असेल, तर दुसऱ्या गाठीत डावं टोक उजव्यावरून गेलं पाहिजे. दोन्ही वेळा हात एकाच दिशेने फिरला, तर गाठीला पीळ पडतो आणि अख्खा बो फिरून उभा राहतो. पाठीवर बांधताना डावं-उजवं लक्षात ठेवणं कठीण जातं. त्यासाठी सोपी खूण आहे. पहिली गाठ घट्ट झाली की एक टोक वर राहतं, एक खाली. खालच्या टोकाची पाकळी करायची. वरचं टोक त्या पाकळीवर समोरून खाली आणायचं, मागून वळवून मधल्या जागेतून त्याचीच दुसरी पाकळी बाहेर ओढायची. वरचं टोक मागून फिरवलं की घोटाळा झाला. एवढं पाळलं तर बो आपोआप आडवा बसतो, हाताने सरळ करावा लागत नाही.

बुटाच्या नाडीलाही हाच नियम लागू आहे. 2017 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या अभियंत्यांनी ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी ए’ या नियतकालिकात नाड्या का सुटतात यावर निबंध प्रसिद्ध केला. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट हिसका बसतो, त्याने गाठ सैलावते. त्याच वेळी हलणारी मोकळी टोकं तिला बाहेर ओढत राहतात. आलटून-पालटून बांधलेली गाठ पिळाच्या गाठीपेक्षा खूप जास्त टिकली. धावणाऱ्या मुलीच्या पाठीवरच्या बोला हेच दोन्ही त्रास होतात, म्हणून बांधण्याचा क्रम तिच्यासाठी महत्त्वाचा.

नवी मुंबईतल्या खारघरमध्ये बोकडे नीट बघायला आणखी एक कारण आहे. सेक्टर 4 मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे निफ्टचं, मुंबई केंद्र आहे. ही संस्था 1986 साली दिल्लीत सुरू झाली, मुंबईचं केंद्र 1995 चं. कपडा अंगावर कसा पडेल हे इथली मुलं कागदावर रेखाटतात, आणि डमीवर कापड टोचूनही शिकतात. या दुसऱ्या रीतीला ड्रेपिंग म्हणतात. साधं कोरं सुती कापड, आपल्याकडचं मांजरपाट म्हणा, डमीवर पिनांनी लावायचं, चुण्या द्यायच्या, कापायचं, पुन्हा लावायचं. झगा, बाही, गळा असं बरंच काही या कापडावर आधी करून बघता येतं. बो मात्र त्यावर धड कळत नाही. मांजरपाटाचा ताठ, जाड बो बघून सॅटिनच्या बोचा अंदाज बांधायला गेलं की फसगत होते. बोला आकार देतो कापडाचा स्वभाव: वजन, ताठपणा, घर्षण. त्यामुळे ज्या कापडाचा बो करायचा, त्याच कापडाच्या तुकड्यावर तो बांधून बघावा लागतो.

सॅटिनचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे गाठ सरकते. तिथे पहिली गाठ जास्त ओढून घ्यावी लागते. टाफेटा कुरकुरीत असतो, त्याच्या पाकळ्या फुगून उभ्या राहतात. जॉर्जेट आणि शिफॉन खाली ओघळतात. त्यांचा बो लांब टोकांचा आणि सैल ठेवला की सुंदर दिसतो, फुगवायला गेलं तर केविलवाणा दिसतो. पट्टी उभ्या धाग्यावर कापली तर कडा नेटकी राहते; उरेब, म्हणजे तिरकी, कापली तर पाकळी मऊ, गोलसर वळते, पण ताणली जाते. टोकं तिरकी कापण्यामागेही कारण आहे. सरळ कापलेल्या रिबिनीचे धागे लवकर सुटतात, तिरक्या कापाचे उशिरा. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला प्रत्येक बाजूची पट्टी पाऊण ते एक मीटर लागते. कापड वाचवायला ती आखूड केली की पाकळ्या होतात, पण टोकांना लांबी उरत नाही, आणि बो अर्धवट वाटतो.

मराठी घरांत गेली काही वर्षं आईच्या साडीचा फ्रॉक शिवण्याची हौस वाढली आहे. काठ घेराला, पदर वरच्या अंगाला, आणि उरलेल्या काठाचा पाठीवर बो. इथे कापड उलटसुलट बघणं फार गरजेचं. बोमध्ये पट्टी वळते, म्हणून तिची मागची बाजू कुठेतरी दिसतेच. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा काठ विणताना रंगाचे धागे एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू जवळपास सारखीच दिसते. असा काठ बोसाठी उत्तम. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. ती पट्टी दुहेरी करूनच वापरावी. खणाचंही तसंच, त्याचीही उलटी बाजू वेगळी दिसते. पैठण किंवा येवल्याच्या विणकराने मागच्या बाजूलाही दिलेली ती सफाई साडी नेसल्यावर सहसा कुणाला दिसत नाही. मुलीच्या पाठीवरच्या बोमध्ये ती दिसते, आणि एवढ्यासाठी तरी जुना काठ हा उपयोग मिळण्याच्या लायकीचा आहे.

बंद बांधून कपडा अंगावर टिकवणं महाराष्ट्राला नवं नाही. जन्माला आलेल्या बाळाला पहिलं झबलं घालतात ते बंदांचं. बटण टोचत नाही, डोक्यावरून कपडा ओढावा लागत नाही, आणि बाळ वाढलं तरी बंद सैल बांधले की झबलं आणखी काही दिवस पुरतं. टोपड्याचे बंद हनुवटीखाली येतात आणि तिथे सुरगाठच मारतात, कारण रडणाऱ्या बाळाचं टोपडं एका ओढीत सुटायला हवं. त्याच घरातल्या आजीच्या खणाच्या चोळीची पुढची गाठ मात्र दिवसभराच्या कामात टिकायची असते.

पुरुषांच्या अंगावर हे बंद बाराबंदीत दिसतात. सहा जोड्या, बारा बंद. मोगल काळच्या चित्रांत जामा, म्हणजे असाच बंदांनी बांधायचा घेरदार अंगरखा, कोणत्या बाजूला बांधला आहे यावरून अभ्यासक माणूस ओळखतात. डावीकडे बांधलेला हिंदू, उजवीकडे मुसलमान, असा तो संकेत. बाराबंदी आज रोजच्या वापरात उरली नाही, पण सोलापुरात संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते तेव्हा ती रस्त्यावर येते. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पहिल्या दिवशी शहरातल्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. उंच, जड नंदीध्वज पेलणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. इतक्या श्रमाच्या कामात अंगावरचा कपडा जागेवर राहतो तो बंदांच्या जोरावर. बो म्हणजे नुसती नटवी शोभा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही मिरवणूक बघावी.

शोभेपुरता बो युरोपात दरबारी पोशाखांनी मोठा केला. चित्रकार फ्रान्स्वा बुशे याने 1756 साली रंगवलेलं फ्रेंच दरबारातल्या मादाम द पाँपादूरचं चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. छातीपासून कमरेपर्यंत गुलाबी बोंची ओळ, वरून खाली येताना लहान होत जाणारी. फ्रेंचमध्ये या रचनेला शिडीचं नाव आहे. 1927 साली पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्लीने याच्या उलट केलं. काळ्या स्वेटरमध्ये पांढरा बो विणूनच टाकला. लांबून गळ्यात बांधलेला वाटावा, जवळ गेल्यावर सपाट लोकर. तिच्या नावलौकिकाची सुरुवात याच स्वेटरने झाली. 1983 च्या हिवाळ्यातला डिझायनर ईव्ह साँ लोराँचा काळ्या मखमलीचा झगा, त्यावर मागे भलामोठा गुलाबी सॅटिनचा बो; बाकी झगा अगदी साधा. मोठ्या बोसोबत झालर, लेस, भरतकाम असं काहीच नको, हे त्या झग्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

दुकानातल्या बहुतेक फ्रॉकना हल्ली तयार बो असतो. पाकळ्या, टोकं आणि मधली पट्टी वेगवेगळी शिवून, आत बकरम घालून, मागे टाचणी किंवा हूक. तो कधी उभा राहत नाही, ढळत नाही आणि आईचा वेळ वाचवतो. तरीही बांधलेला बो सरस आहे. बांधलेल्या बोने फ्रॉकची कंबर मुलीच्या कमरेइतकी होते. जेवण झाल्यावर तो सैल करता येतो, आणि पुढच्या वर्षी तोच फ्रॉक पुन्हा बसतो. तयार बो यातलं काहीच करत नाही. दोन वेण्या दुमडून लाल रिबिनी बांधणाऱ्या शाळकरी मुलींच्या बोटांत ही कला सहज उतरायची. रिबीन गेली, वेल्क्रोचे बूट आले आणि दहा वर्षांच्या मुलांनाही धड सुरगाठ मारता येत नाही, ही खंत घराघरांतून ऐकू येते. शिकवायला एक रिकामी दुपार आणि दोन रंगांच्या रिबिनी पुरतात. एक टोक लाल, एक पांढरं असलं की वरचं कोणतं, खालचं कोणतं हे मुलांना लगेच कळतं.

एका ठिकाणी मात्र तयार बोच हवा: लहान मुलांच्या गळ्याशी. घसरगुंडीत, दारात, पाळण्यात अडकलेल्या नाडीने मुलांचे जीव गेले आहेत. युरोपच्या ईएन 14682 या मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याला आणि कपड्याला जोडलेल्या टोपीला नाडी चालत नाही. कमरेवर बांधा, गळ्याला शिवा.

मोठ्या बायकांकडे बो आला तो बहुधा ब्लाउजच्या दोरीतून. उरेब पट्टी शिवून उलटवायची, टोकांना लटकन लावायचं, आणि पाठीवर गाठ. लटकन जड असेल तर गाठ खाली ओढली जाते. तिथे दोरी बारीक आणि पहिली गाठ दुहेरी ठेवावी. खांदे रुंद असतील तर बो कमरेला नेलेला बरा, उंची कमी असेल तर टोकं आखूड.

आणि खारघरचा पावसाळा. डोंगर मागेच असल्याने पांडवकडा धबधबा कोसळू लागला की उपनगरभर ओल भरते, कपाटातले कपडे दमट लागतात. प्रमाणित हवेत रेशीम सुमारे 11 टक्के ओलावा धरतं, सूत साडेआठ टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. खळीने ताठ केलेलं बकरम तर दमट हवेत मऊ पडतं. जुलैतल्या बारशाला रेशमी ऑर्गन्झाचा फुगीर बो ठरवला असेल तर तो संध्याकाळपर्यंत झुकलेला दिसेल. त्या दिवसांत पॉलिएस्टरचा ऑर्गन्झा घ्यावा, नाहीतर सरळ जॉर्जेटचा लांब, ओघळता बो बांधावा. रेशमाचा काठ डिसेंबरच्या लग्नासाठी ठेवावा, आणि ठेवताना बो सोडून पट्टी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावी, म्हणजे गाठीच्या जागी घडी पडत नाही.