कीचक कोण, ज्याचा त्यानं ठरवावं

मैत्रिणींनो, 'गोष्टीत कसलं आलंय राजकारण?' असं आपण सहज म्हणून जातो. पण खाडिलकरांचं 'कीचकवध' आठवा. १९०७ साली रंगभूमीवर आलेलं नाटक. कथा महाभारतातली, सगळ्यांच्या ओळखीची. तरी प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत गांजलेला देश, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल! १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदीच घातली.

मग त्या कथेत राजकारणच तेवढं आहे का? मला नाही तसं वाटत. कर्झन गेला, इंग्रजही गेले, सैरंध्री आहेच. राणी तिला जाणूनबुजून आपल्या भावाच्या महाली धाडते. भर सभेत तिला लाथ बसते आणि समोर बसलेला नवरा तिलाच आत जायला सांगतो. आजही कितीजणींना घरात, कचेरीत हेच ऐकावं लागतं, 'जाऊ दे, गप्प बस!'

आमचे 'हे' म्हणतात, "तू भलताच अर्थ काढतेस." भलता कसा? सरकारला त्यात आपली भीती दिसली, मला आपलं बायकांचं दुखणं. आणि दासीची दाद कुणी घ्यायची, हेही राजकारणच नव्हे का?

तेव्हा दुपारी जरा सवड काढून वाचा. अर्थ मात्र आयता घेऊ नका, तुमचा तुम्हीच लावा!