लेथवरची पट्टी

भोसरी,
१० जानेवारी २०२६

चि. ओंकार यास,


परवा व्हिडिओ कॉलवर काका तुला शेड दाखवत होते तेव्हा कोपऱ्यातल्या हिरव्या लेथवर तुझी नजर गेली. "आत्या, याच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. ती पट्टी काढून आपली लावा की," असे तू म्हणालास. त्याच वेळी टेम्पो दारात लागला आणि बोलणे राहून गेले. खरे तर फोनवर दोन वाक्यांत सांगण्याजोगी ती गोष्टही नाही. शिवाय तू तिकडे जुन्या सायकलसाठी ईबेवर ऑनलाइन बोली लावलीस आणि शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी ती उचलली, म्हणून खट्टू होतास. तेव्हा दोन्हींचे उत्तर एकदमच लिहिते. हा लेथही मी बोली लावूनच घेतला. बोली लावण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मशीन एचएमटीचे आहे, एनएच २२. भोसरीत, पिंपरीत, चिंचवडच्या जुन्या शेडमध्ये हे नाव सांगितले की पुढे काही सांगावे लागत नाही. आपल्याकडे दोन सीएनसी असताना हे जुने कशाला, असे तुला वाटले असेल. सीएनसीवर पाचशे नग काढायचे असतील तर तिच्यासारखी तीच. पण चाकणच्या एखाद्या कारखान्यातून संध्याकाळी फोन येतो, लाइनवरचा शाफ्ट तुटलाय, एकच नग हवा, सकाळी सहाच्या शिफ्टला बसवायचाय. अशा वेळी प्रोग्रॅम आणि सेटिंग करत बसण्यापेक्षा टर्नर लेथवर उभा राहिला की काम लवकर होते. आमचा जुना लेथ इतका घासला होता की काकांना त्याच्या मापाची खात्री देता येईना. म्हणून वर्षभर चांगल्या लेथच्या शोधात होतो.

ऑक्टोबरमध्ये पेपरात बँकेची लिलावाची नोटीस दिसली. अशा नोटिसा तू लहानपणी पाहिल्या असशील. बारीक टाइप, कर्जदाराचे नाव, थकलेली रक्कम आणि खाली 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे' ही अट. हे सगळे सरफेसी कायद्याखाली चालते. कायदा २००२ चा. कर्ज थकले की बँक ६० दिवसांची नोटीस देते, तरी भरणा झाला नाही तर कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू शकते. पूर्वी कर्जदाराला विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून माल सोडवता यायचा. २०१६ मध्ये कायदा बदलला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो. म्हणजे आपण पेपरात ती नोटीस वाचतो तेव्हा त्या माणसाचा परतीचा रस्ता बंद झालेला असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हते, नंतर वकिलांनी सांगितले.

नोटिशीतली शेड आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. मशिनरीचे वेगवेगळे लॉट होते. आमच्या लेथची राखीव किंमत २,८०,००० रुपये, बयाणा १० टक्के म्हणजे २८,०००, आणि बोली प्रत्येक वेळी ५,००० नी वाढवायची.

पाहणीच्या दिवशी मी आणि काका गेलो. बँकेच्या माणसाने सील काढले. आत वीज तोडलेली, त्यामुळे मशीन चालवून बघता येणार नव्हते. काकांनी टॉर्च धरून आधी चकजवळच्या बेडवरून अंगठा फिरवला. बेड तिथेच जास्त घासतो, कारण बहुतेक जॉब आखूड असतात आणि सॅडल तेवढ्यातच पुढेमागे होत राहते. मग त्यांनी सॅडल हाताने चकपासून टेलस्टॉकपर्यंत नेले. घासलेल्या मशीनमध्ये ते इकडे सैल चालते आणि तिकडे अडते. हे एकसारखे चालले. डायल लावून स्पिंडल हाताने फिरवून पाहिले. त्यांचे समाधान झाले हे मला चेहऱ्यावरून कळले, बोलले काहीच नाहीत.

मी मात्र दुसरेच बघत होते. हेडस्टॉकवर झेंडूच्या हाराचा वाळून काळा पडलेला दोरा होता. खाली कुंकवाचे स्वस्तिक. दसऱ्याची पूजा, तीही आदल्या वर्षीची, कारण २०२५ च्या दसऱ्याला शेडला सील होते. तू खंडेनवमीला आमच्याकडे यायचास, मशीन पुसायला तुला फडके द्यायचो. त्या दोऱ्याकडे बघून माझा पाय पुढे निघेना.

बाहेर आलो तर फाटकाशी एक गृहस्थ उभे. पन्नाशीचे, हातात हेल्मेट. शेडचे मालक तेच. बँकेच्या माणसाने त्यांना नमस्कार केला म्हणून कळले. आम्ही कोणत्या मशीनसाठी आलो ते त्यांनी विचारले आणि एनएच म्हटल्यावर काकांना म्हणाले, "स्पीडचा गिअर टाकताना जोर लावू नका. चक हाताने थोडा फिरवला की आपोआप बसतो. एका दाताला मार आहे." जोर लावला की तो दात जायचाच. ही खोट आम्हाला वरून दिसली नव्हती. त्यांनी सांगितली नसती तरी कोणी त्यांना विचारायला जाणार नव्हते, 'जसे आहे' म्हटल्यावर तक्रारीला जागाच नसते. उलट खोट कळून बोली कमी लागली तर नुकसान त्यांचेच. आपल्या हाताखालचे मशीन दुसऱ्याने चुकीचे चालवू नये, एवढ्यासाठी त्यांनी सांगितले. मी पंचवीस वर्षे या पट्ट्यात हिशेब लिहिते आहे, माणसे पुष्कळ पाहिली. असा मोठा माणूस क्वचित पाहिला.

घरी आल्यावर मी म्हटले, नको हे मशीन. काका म्हणाले, "आपण नाही घेतलं तर ते त्यांना परत मिळणार आहे का? कुणी व्यापारी घेईल, नाहीतर भंगारात जाऊन फुटेल. निदान आपल्याकडे चालेल तरी." हे पटले. पूर्ण नाही, पण बोली लावण्याइतके पटले.

काकांना संगणकाचे वावडे, त्यामुळे सगळे माझ्याकडे आले. सरकारी बँकांचे लिलाव आता बँकनेट नावाच्या एकाच संकेतस्थळावर होतात, जानेवारी २०२५ पासून. नोंदणी केली, पॅन आणि पत्त्याचे कागद चढवले, ते तपासून झाल्यावर बयाणा भरला. हे आदल्या दिवसापर्यंत ठेवले असते तर राहूनच गेले असते, एकेका पायरीला वेळ लागतो. मधल्या काळात एकाचा फोनही आला, "ताई, लॉट तुम्हालाच मिळवून देतो, थोडे कमिशन द्या." मी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना, नोटिशीत छापलेल्या नंबरवर, विचारले. असा कुणी मध्यस्थ नसतो, हे त्यांनी ठाम सांगितले.

लिलाव २० नोव्हेंबरला, गुरुवारी. गुरुवार म्हणजे आपल्या पट्ट्याची सुट्टी. रस्ते शांत, आणि दुरुस्तीसाठी वीजही बंद. लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलवरून. कालनिर्णयच्या पानामागे आदल्या रात्री आम्ही आकडा लिहून ठेवला होता: ३,५०,०००. जीएसटी वेगळा. काकांनी त्याखाली सही केली आणि मलाही करायला लावली.

वेळ ११ ते १. तुझ्या ईबेवर घड्याळ ठरल्या सेकंदाला थांबते, म्हणून लोक शेवटच्या क्षणी झडप घालतात. तिथे आपला सर्वांत मोठा आकडा आधीच टाकून ठेवावा. यंत्रणा तुझ्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते, झडपेची भीती राहत नाही. तू थोडे थोडे वाढवत बसलास, तिथे चुकलास. आमच्या लिलावात घड्याळ तसे थांबत नव्हते. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते, आणि असे कितीही वेळा होऊ शकते. उशिरा येऊन कुणाला फसवता येत नाही.

मी ११ वाजून गेल्यावर २,८५,००० लिहिले आणि बसून राहिले. पाऊण वाजायच्या सुमारास कुणीतरी २,९०,००० केले. कोण ते कळत नाही, पडद्यावर नावे दिसत नाहीत. काही बाजारांत पूर्वी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा, त्याची मला आठवण झाली. १ वाजायला चार मिनिटे असताना मी २,९५,००० म्हटले आणि तिथून खरे सुरू झाले. तो एकदा, मी एकदा. दर वेळी पाच मिनिटे वाढायची आणि दर वेळी तो शेवटचे मिनिट उजाडेपर्यंत थांबायचा. माझी बोटे गार पडली होती. ३,२५,००० झाले तेव्हा काका खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ओंकार, त्या वेळी माझ्या डोक्यात काय चालले होते ते सांगते. आमच्या लहानपणी बाबा, म्हणजे तुझे आजोबा, कांदा घेऊन चाकणच्या बाजारात जायचे. मी आणि तुझे वडील कधी कधी बैलगाडीत बसून बरोबर जायचो. ढीग लावायचा आणि त्याच्या शेजारी उभे राहायचे. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत यायचा. मूठभर कांदा उचलायचा, पाकळी सोलून बघायचा, बोली सुरू व्हायची. बाबा त्या वेळी कुणाकडेच बघायचे नाहीत, जमिनीकडे बघायचे. भाव पुकारला की मिनिटभरात घोळका पुढे जायचा, आणि मग हमाली, तोलाई कापून हातात हिशोबाची पट्टी यायची. चार महिन्यांच्या राबण्याची किंमत त्या मिनिटात ठरायची आणि ठरवणारे दुसरेच. ते शेतही पुढे एमआयडीसीत गेले.

आता मी त्या घोळक्यात होते. मी जिथे थांबेन तिथे फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माणसाचे कर्ज तितकेच कमी व्हायचे होते. लिलावातून कर्जापेक्षा जास्त आले तर उरलेले मालकाला मिळते, कमी आले तर तूट त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणजे मी ५,००० वाचवले की ते त्याच्या देण्यात राहणार. आणि तरीही मला ५,००० वाचवायचे होते, कारण आमच्या डोक्यावरही हप्ता आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातली एक खोटी ठरवून मला मन हलके करता आले नाही, आजही येत नाही.

मी ३,४५,००० लिहिले. त्याने ३,५०,००० म्हटले असते तर आम्हाला थांबावेच लागले असते, पुढची बोली आमच्या आकड्याबाहेरची होती. पाच मिनिटे सरली. १ वाजून ५५ मिनिटांनी पडद्यावर बोली बंद झाल्याचे आले. काकांनी विचारले, "झालं?" मी म्हटले, "झालं." दोघांपैकी कुणालाच आनंद म्हणावा असे काही झाले नाही. चहा केला.

अटीप्रमाणे दुसऱ्या दिवशी २५ टक्क्यांपर्यंतची रक्कम, म्हणजे बयाणा वजा जाता ५८,२५०, आणि उरलेले २,५८,७५० पंधरा दिवसांत. वर १८ टक्के जीएसटी, ६२,१०० रुपये. त्याचे क्रेडिट पुढे मिळते, पण रोख तेव्हाच उभी करावी लागते. हायड्रा क्रेन, टेम्पो आणि पाया आणखी वेगळे. सायकल घेताना तूसुद्धा पोचवण्याचा खर्च धरूनच आकडा ठरव आणि तो कागदावर लिही. बोली चालू असताना मनातला आकडा हलतो, कागदावरचा हलत नाही.

मशीन उचलायच्या दिवशी ते गृहस्थ आले होते. हायड्राचा पट्टा कुठे बांधायचा ते त्यांनीच दाखवले, स्पिंडलवर भार येऊ दिला नाही. मशीन जमिनीवरून सुटायच्या आधी मात्र हेल्मेट घालून निघून गेले.

शेडमध्ये बसवल्यावर काकांनी गिअरचे दार उघडले. आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने, सुबक मराठी अक्षरांत एक कोष्टक लिहिलेले होते: कोणत्या पिचच्या आट्यांना कोणते गिअर लावायचे. एचएमटीच्या मूळ तक्त्यात नसलेलीही काही मापे त्यात होती, कामे करता करता शोधून काढलेली. शेवटच्या ओळीत, 'स्पीडचा गिअर हाताने'. आणि त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला ती पितळी पट्टी, ज्याबद्दल तू विचारलेस.

माझ्याही मनात तुझ्यासारखेच आले होते, आपली पट्टी लावावी. काकांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलासुद्धा. मग दार पुन्हा उघडून कोष्टक वाचले आणि म्हणाले, "हे रोज वापरायचं आणि त्याचं नाव काढायचं, हे जमणार नाही." स्क्रू ड्रायव्हर पेटीत गेला.

लेथ उत्तम चालतो आहे. गेल्या आठवड्यातच निघोज्याच्या एका कारखान्याचा शाफ्ट त्याच्यावर रात्री झाला. मार्चमध्ये येशील तेव्हा तिकडचा एक चांगला डायल इंडिकेटर घेऊन ये, काकांच्या जुन्याचा काटा अडकतो. पैसे मी देईन. आणि पट्टी काढायचे पुन्हा म्हणू नकोस.

तुझी,
आत्या