सड्याची बातमी

राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर पायाखाली सगळा जांभा. अशा कातळाची नोंद सातबाऱ्यावर बहुधा 'पोटखराबा' अशी असते. रिफायनरी प्रकल्पाच्या कागदांत ती 'पडीक जमीन' होते. गावात तिला सडा म्हणतात. पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, खोलगट भागात माती धरते तिथे भात होतो, आणि भाद्रपदात सगळा कातळ रानफुलांनी भरून जातो. याच सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना झेपावणारी जनावरे असे एक मोठे कातळशिल्प कोरलेले आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी कोकणातल्या अशा शिल्पांचा वर्षानुवर्षे माग काढला. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद झाली, त्यात बारसू आहे.

जागा एकच, नावे अनेक. संध्याकाळी राजापूरची बातमी रत्नागिरीच्या डेस्कवर येते तेव्हा त्यातले एकच नाव पहिल्या ओळीत बसते. 'राजापुरातील पडीक जमिनीवर रिफायनरी' असे लिहिले की वाचकाला वाटते, पडूनच होती जागा, बरेच झाले. 'बारसूच्या गुरचरणीवर रिफायनरी' असे लिहिले की त्याला जमिनीचा धनी आणि त्याची जनावरे दिसतात. जमीन तीच आणि प्रकल्पही तोच. वाचकाचे मत मात्र अग्रलेखापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धे तयार झालेले असते.

प्रस्तुत लेखकाचा बराच काळ याच कामात गेला आहे. बातमीदाराचा मजकूर वाचायचा, इंट्रो वर घ्यायचा, मथळा द्यायचा, चौकट करायची आणि वेळेत पान लावायचे. या कामात भाषा सजवायला सवड नसते. पण बातमीचा कल ठरवणारे निर्णय इथेच, घाईत आणि बहुतेक वेळा सवयीने घेतले जातात. रत्नागिरी जिल्ह्याने गेल्या तीन दशकांत एकामागून एक मोठे प्रकल्प आणि त्यांचे वाद पाहिले. त्यामुळे हे निर्णय कसे होतात हे तपासायला इतकी भरपूर सामग्री दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सुरुवात गावांच्या नावांपासून करावी. एन्रॉनचा 'दाभोळ प्रकल्प' दाभोळला नव्हता. दाभोळ दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाच्या उत्तरेला. वीज केंद्र उभे राहिले दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या बाजूला. 'जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पा'ची जागा माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांत आहे. जैतापूर हे जवळच्या खाडीवरचे बंदर. 'नाणार रिफायनरी'च्या मूळ आराखड्यात राजापूर तालुक्यातली 14 आणि देवगड तालुक्यातली 2 गावे होती. त्यांपैकी एकाचेच नाव सगळ्यांना चिकटले. कंपनीने किंवा सरकारने दिलेले नाव छोटे असते, मथळ्यात बसते, म्हणून वर्तमानपत्रे ते उचलतात. मग ज्यांच्या दारात यंत्रे येणार ती माणसे स्वतःच्याच बातमीत बिननावाची होतात. मुंबईतल्या वाचकाला जैतापूर पाठ असते, पण माडबन कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही.

त्याहून खोल परिणाम 'प्रकल्पग्रस्त' या शब्दाचा होतो. सरकारी हिशेबात ज्याची जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. जैतापूरसाठी सुमारे 938 हेक्टर जमीन घेतली गेली. प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या 6 अणुभट्ट्या आणि 9900 मेगावॉट वीज हे आकडे सगळ्यांच्या परिचयाचे झाले. पण साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावाची जमीन त्यात गेली नाही. त्यांची भीती समुद्राची होती. अणुभट्ट्या थंड करून परत सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी दूर गेली तर काय, बंदोबस्तामुळे होड्यांची वाट अडली तर काय, असे ते विचारत होते. सातबाऱ्यावर समुद्र नसतो. त्यामुळे 'प्रकल्पग्रस्तांना वाढीव मोबदला' ही बातमी छापून आली की दूरच्या वाचकाला वाटे, प्रश्न सुटत आला. आता विरोध करतात ते कोण? 18 एप्रिल 2011 रोजी नाटे इथे पोलिस गोळीबारात एक तरुण मच्छीमार ठार झाला. जमाव पोलिस ठाण्यावर चालून आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्या दिवशी नाटे पहिल्या पानावर आले. जे गाव मोबदल्याच्या यादीत नव्हते, ते आंदोलनात सर्वांत पुढे का होते, याचे उत्तर मात्र गोळीबाराच्या बातमीत सापडणारे नव्हते. ते आधीच्या वर्षांतल्या बातम्यांत यायला हवे होते.

क्रियापदांकडेही पाहावे लागते. 'लाठीमार करण्यात आला' या वाक्यात लाठी आहे, मार आहे, पण मारणारा नाही. 'सौम्य लाठीमार' हा शब्दप्रयोग पोलिसांच्या निवेदनातून आला आणि बातमीदारांच्या हाताला इतका बसला की ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला न विचारताच तो छापला जातो. 'तणावपूर्ण शांतता', 'परिस्थिती नियंत्रणात', 'जनजीवन पूर्वपदावर' हेही त्याच घराण्यातले. एप्रिल 2023 च्या अखेरीस बारसूत माती परीक्षण सुरू झाले तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर झोपल्या. 28 तारखेला अश्रुधुराची नळकांडी फुटली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, असे आंदोलक सांगत होते; लाठीमार झालाच नाही, असे सरकारच्या बाजूने सांगितले गेले. अशा वेळी बातमीदाराने काय करावे? स्वतः पाहिले असेल ते 'पाहिले' म्हणून लिहावे. ऐकले असेल ते कोणाकडून ऐकले त्याच्या नावाने लिहावे, आणि कर्ता वाक्यातून जाऊ देऊ नये. एवढे केले तरी बातमी बरीच सरळ होते.

मथळ्याच्या जागेचाही यात हात असतो. तीन कॉलमात मोजकी अक्षरे मावतात. 'तणाव', 'विरोध', 'एल्गार', 'राडा' हे शब्द तिथे पटकन बसतात. 'गावकऱ्यांनी पाण्याच्या स्रोतांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर नाही' हे बसत नाही. म्हणून प्रश्न विचारणारा माणूस मथळ्यात 'विरोधक' होतो. बारसू परिसरातल्या काही ग्रामसभांनी रिफायनरीविरोधात ठराव केले. ग्रामसभेचा ठराव ही लोकशाहीतली अधिकृत कृती आहे. पण 'विरोधकांचा ठराव' असे छापले की तो एका गटाचा कागद वाटू लागतो. उलट बाजूनेही हेच होते. ज्या शेतकऱ्याला जमीन विकायची आहे, ज्या तरुणाला मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीऐवजी राजापुरात नोकरी हवी आहे, त्याला 'दलाल' किंवा 'समर्थक' म्हणून निकालात काढले जाते. दोघांचीही बाजू ऐकून घेण्याआधी त्यांच्यावर शिक्का बसतो.

आकड्यांचेही असेच. सरकारी तेल कंपन्यांनी 2017 मध्ये रत्नागिरी रिफायनरीसाठी संयुक्त कंपनी काढली, 2018 मध्ये सौदीची अरामको जोडीला आली. वर्षाला 6 कोटी टन क्षमता आणि 3 लाख कोटी रुपये गुंतवणूक हे आकडे प्रेसनोटमध्येच तयार होते, म्हणून बातमीत आले. हापूसची कलमे किती, काजू किती, सड्यावर चरणारी गुरे किती, कातळाखालून विहिरींना येणारे पाणी किती, हे आकडे कोणी तयार करून देत नाही. ते मिळवायला बातमीदाराला तालुक्यात चार दिवस फिरावे लागते. ज्या बाजूकडे आकडे असतात ती गंभीर दिसते. जिच्याकडे नसतात तिच्या म्हणण्याला 'भावना' म्हटले जाते. मार्च 2019 मध्ये नाणारचे भूसंपादन रद्द झाले, जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने बारसूची जागा सुचवली. तालुका तोच राहिला आणि बातमीतला हा असमतोलही.

एन्रॉनच्या वेळी मुंबई-पुण्यातली चर्चा युनिटचा दर, करार आणि हमी यांभोवती फिरली. ती आवश्यकच होती. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा त्या प्रश्नांची किंमत राज्याला कळली. पण गुहागर तालुक्यातल्या वेलदूरच्या कोळीवाड्यात 3 जून 1997 च्या पहाटे पोलिसांनी बायकांना घरातून ओढून मारहाण केल्याच्या तक्रारी 'ह्यूमन राइट्स वॉच' या संघटनेने 1999 च्या अहवालात सविस्तर मांडल्या. गुहागरची पहाट न्यूयॉर्कच्या अहवालात तपशीलवार वाचावी लागावी, ही गोष्ट मराठी पत्रकाराने मनाला लावून घ्यावी अशी आहे.

प्रकल्प नसतानाही बातमीची दिशा कशी वळते, याचे उदाहरण चिपळूण तालुक्यातले तिवरे. 2 जुलै 2019 च्या रात्री तिथले धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार आधीच केली होती, असे गावकरी सांगत होते. मग जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले, आणि पुढचे कित्येक दिवस बातम्यांत खेकडेच होते. टीका झाली, निषेध झाला, आंदोलकांनी खेकडे नेऊन दिले, व्यंगचित्रे आली. मंत्र्यांना विरोध करणाऱ्यांनीही त्यांचाच विषय चालवला. तक्रार कोणत्या तारखेला दिली, कोणाच्या टेबलावर गेली, दुरुस्तीत काय झाले, हे प्रश्न त्या गर्दीत मागे पडले. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी मात्र वेगळे केले. 'अस्मानी संकट' या शब्दावर ते थांबले नाहीत. वाशिष्ठीतला गाळ हा विषय त्यांनी धरून ठेवला, त्यासाठी उपोषणाला बसले, आणि स्थानिक पत्रकारांनी तो रोजच्या रोज छापला. पुराची बातमी आठवड्यात संपते. गाळाची बातमी तो उपसेपर्यंत चालवता येते, आणि कामही त्याच बातमीने होते.

हे सगळे करायचे कोणी? तालुक्याचा वार्ताहर अनेकदा तुटपुंज्या मानधनावर असतो. बातमी देणाऱ्या त्याच हाताने त्याला नेत्यांच्या वाढदिवसाच्या आणि शुभेच्छांच्या जाहिराती गोळा कराव्या लागतात. ज्याची जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध वाक्य लिहिताना क्रियापद आपोआप मवाळ होते. त्याच्या पाठीशी वकील नसतो, आणि गावात सगळे त्याचे घर ओळखतात.

तरीही लिहिणारे लिहितात. राजापूरचे शशिकांत वारिशे हे 'महानगरी टाइम्स'चे बातमीदार. रिफायनरीच्या समर्थनातल्या एका व्यक्तीविषयी त्यांची बातमी 6 फेब्रुवारी 2023 रोजी छापून आली. त्याच दिवशी राजापुरात एका गाडीने त्यांना उडवले आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयी बातमी होती त्यालाच पोलिसांनी अटक केली. आधी सदोष मनुष्यवधाचे कलम लागले. राज्यभरच्या पत्रकारांनी आवाज उठवला, आणि खुनाचे कलम लागले. 'अपघात' हा शब्द तिथेच टिकला असता, तर हे प्रकरण आतल्या पानावरच्या एका कॉलमात संपले असते.

मराठी वृत्तपत्राची परंपरा याच किनाऱ्यावरून निघाली. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ते गाव आता सिंधुदुर्गात असले तरी 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरी शहरातला. 1908 च्या खटल्यात 'केसरी'तल्या लेखांसाठी ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा सरकारी भाषांतरातला एकेक शब्द त्यांनी तपासायला लावला. शिक्षा सहा वर्षांची झाली. आपण काय लिहिले आणि त्याचा अर्थ काय लावला जातो, यासाठी इतका झगडलेला संपादक ज्या जिल्ह्यात जन्मला, तिथल्या पानावर 'सौम्य लाठीमार' सवयीने जाता कामा नये.

यात वाचकाचेही काम आहे. सड्याची, बंदराची, धरणाची बातमी वाचाल तेव्हा त्यात गावाचे खरे नाव आहे का, कृती करणाऱ्याचे नाव आहे का, आणि आकडे कोणी दिले ते लिहिले आहे का, हे पाहा. नसेल तर संपादकाला पत्र लिहा, तालुक्याच्या वार्ताहराला फोन करा. आणि एखाद्याने चार दिवस फिरून विहिरी आणि कलमे मोजून बातमी दिली असेल, तर तेही त्याच्या संपादकाला कळवा. पुढची तशी बातमी छापायला संपादकाला त्या पत्राचा उपयोग होतो.