खटखट बंद झाली

आम्हा मेंटेनन्सवाल्यांना मशीनचं दुखणं आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. भोसरीच्या एमआयडीसीत कपाटाएवढ्या पॅनेलचं दार उघडलं की आत रिलेंच्या रांगा, त्यांची खटखट, आणि दाराला आतून चिकटवलेलं तेलकट ड्रॉइंग. सायकल अडली की ओळीनं बघत जायचं: हा ओढला, हाही ओढला, हा नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्याला टिचकी. चाललं तर आपण हुशार. नाहीतर रिले बेसमधून उपटायचा, कॉन्टॅक्टमधून झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा आणि फुंकर मारून परत बसवायचा.

आता त्याच दाराआड पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर: एका रॅकवर पॉवर सप्लाय, सीपीयू, इनपुट आणि आउटपुट कार्डं गुपचूप बसलेली. लिमिट स्विच दाबला की इनपुट कार्डावर हिरवा ठिपका पेटतो. आत ऑप्टोकपलर असतो, त्यामुळे बाहेरच्या तारेतला करंट सीपीयूपर्यंत जातच नाही. जातो तो फक्त उजेडाचा निरोप. सीपीयू इनपुट वाचतो, प्रोग्रॅम तपासतो, आउटपुट बदलतो, आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून.

रिलेंचे ते दिवस वाईटच होते म्हणा. फॉल्ट शोधण्यात अख्खी सेकंड शिफ्ट जायची, वर झटके वेगळे. मॉडेल बदललं की वायरिंग नव्यानं. याच जाचाला कंटाळून अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागानं १९६८ साली रिलेंना पर्याय मागितला, आणि डिक मॉर्ली व सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. प्रोग्रॅमची भाषाही आमच्या रिलेच्या ड्रॉइंगसारखीच ठेवली, इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. एवढा मान ठेवला, तरी आम्ही त्या डब्याला वर्षानुवर्षं शिव्याच घातल्या.

आता तर सुरुवातीच्या पीएलसींचीही आठवण येते. बॅटरीचा दिवा लागला की सेल बदलायचा, तोही पॉवर चालू ठेवून. रॅममधला प्रोग्रॅम पॉवर गेल्यावर त्या सेलवरच तग धरायचा. म्हणून माणसं दोन: एक सेल बदलायला, दुसरा मेन स्विचपाशी पहाऱ्याला. एवढ्या जोखमीनंतर चहा व्हायचाच.

आता प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत असतो. कित्येक सीपीयूंना सेलच नसतो. पहारेकरी सुटला हे चांगलंच झालं. चहा मात्र कुठल्या कामाच्या नावावर टाकायचा, ते अजून ठरलेलं नाही.