पिल्लू आणायचे तर

अहिल्यानगर जिल्ह्यात मांजराचे पिल्लू विकत घेण्याची रीत नाही. घोडेगावला म्हशींचा बाजार भरतो, काष्टीला बैलांचा. शेळ्या, बोकड, कोंबडे, नुकती अंड्यावर आलेली तलंग, सगळ्यांचे भाव आठवडे बाजारात ठरतात. रुमालाखाली बोटे धरली जातात, व्यवहार जमतो, पावती फाटते. मांजराच्या नावाची पावती कधी कुणी फाडलेली नाही. सरकारी हिशेबातही ते नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गायी-म्हशींपासून कुत्री, ससे आणि हत्तींपर्यंत सगळ्यांना रकाना होता, मांजराला नव्हता. घराघरात आणि वस्तीवस्तीवर वावरणारा हा जीव मागून आणायचा असतो.

बातमी बहुधा दूध डेअरीवर कळते. सकाळी किटल्या घेऊन माणसे रांगेत असतात आणि कुणीतरी सांगते की आमच्या गोठ्यात मांजर व्याली आहे. लगेच दोघे-तिघे म्हणतात, एक आमच्यासाठी ठेवा. तेवढ्यावर पिल्लू ठरते. मात्र मांजरीला हा करार ठाऊक नसतो. कडब्याच्या गंजीतली पोकळी, गोठ्याचा माळा, पडक्या वाड्यातला कोनाडा अशा जागा ती बदलत राहते. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे जुनी माणसे म्हणतात. आकडा सोडला तर निरीक्षण खरे आहे. जागेचा वास पसरला किंवा माणसांची ये-जा वाढली की ती एकेका पिल्लाला मानगुटीला धरते आणि दुसरीकडे नेऊन ठेवते.

सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांचे डोळे उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती लटपटत बाहेर येतात, शेपट्या उभ्या करून एकमेकांवर झेपावतात, आणि पाहणाऱ्याला मोह आवरत नाही. नेमक्या याच वेळी त्यांना उचलले जाते आणि नेमके तेच चुकते. महिन्याच्या पिल्लाला धड चावता येत नाही, स्वतःला पुरेशी ऊब राखता येत नाही. आईच्या दुधाबरोबर येणारे संरक्षण त्याला अजून हवे असते. शिवाय किती जोराने चावावे, नखे कधी आत घ्यावीत, हे ते भावंडांशी खेळताना शिकते. आठ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. तोवर पिल्लू पाऊण किलोच्या आसपास भरते, आपले आपण खाते आणि राख किंवा माती उकरून त्यावर बसायला शिकलेले असते. एवढी वाट पाहायला पैसे लागत नाहीत, आणि पुढचे कितीतरी पैसे तिने वाचतात.

घेताना पहिला प्रश्न असतो तो बोका की भाटी. बहुतेकांना बोका हवा असतो, कारण भाटी आणली की घरात वेत सुरू होणार. म्हणून गोठ्यात शेवटी उरतात त्या भाट्या. त्यांत काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची कबरी हमखास असते, कारण तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच निघते. पिवळ्या रंगाचा गुणधर्म एक्स गुणसूत्रावर असतो आणि पिवळ्यासोबत काळाही दिसायला अशी दोन गुणसूत्रे लागतात. सर्वांत देखणे पिल्लू सर्वांत शेवटी जावे, हे वाईट आहे. बोका आणला म्हणून घोर संपतो असेही नाही. तो वयात आला की आठ-आठ दिवस भटकतो, मारामारीत कान फाडून घेतो, घराच्या कोपऱ्यांत मुतून हद्द आखतो. नसबंदीची शस्त्रक्रिया दोघांचीही करता येते आणि करावी.

पैसे मोजून घ्यायचे पिल्लू हा शहरातला प्रकार. नगरच्या सावेडीत किंवा पुण्यात ‘पर्शियन’ मागितले की विक्रेता चेहरा विचारतो, डॉल फेस की पंच फेस. नाक जितके चपटे तितका भाव चढा. आठ-दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत तो सांगितला जातो. पण चपटे नाक म्हणजे आखूड श्वासमार्ग आणि सतत पाणावणारे डोळे. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक विकारही आढळतो. त्यातून एप्रिल-मे महिन्यांत नगरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा अंगावर दाट लोकरीसारखे केस असलेल्या या मांजराचे फार हाल होतात. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती पाहिल्याशिवाय आणि पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पिशवीतून पिल्लू काढून रस्त्याच्या कडेला विकणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नये. शेजारच्या पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्याप्रमाणे मांजरालाही परवाना लावायचे ठरवले. इतर शहरेही कधीतरी त्या वाटेने जातील.

पिल्लू गोठ्यातले असो की दुकानातले, खरा खर्च ते घरी आल्यावर सुरू होतो आणि त्यात अन्नाचा वाटा सर्वांत मोठा. या जिल्ह्यात वारकऱ्यांची, माळकऱ्यांची घरे पुष्कळ. तिथे मांजर पिढ्यान्‌पिढ्या दूध-भाकरीवर वाढले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते उंदरांवर वाढले. दूध-भाकरी ही वरची न्याहारी, जेवण ते कणगीमागे आणि कडब्याखाली करून येत असे. मांजराला टॉरिन नावाचे पोषकद्रव्य लागते. ते शरीरात पुरेसे बनत नाही, मांसातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. दूध तर मोठ्या मांजराला बरेचदा पचतही नाही, ढाळ लागतात. वस्तीवरच्या मांजराची ही गरज शेत भागवत होते. तेच पिल्लू तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आले आणि दूध-भाकरीवर ठेवले तर ते भरल्या घरात उपाशी राहते. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. आजीच्या घरी मांजर असेच जगले, या भाबड्या समजुतीने होते.

पिल्लांसाठीचा कोरडा खाऊ किलोला साधारण चारशे ते सहाशे रुपये पडतो आणि वाढत्या पिल्लाला महिन्याला किलो-दीड किलो लागतो. मांस घरात न आणणाऱ्या कुटुंबाला हाच मार्ग सोयीचा. जिथे मांसाहार चालतो तिथे कोंबडीच्या दुकानातली थोडी कलेजी, मांसाचे उरलेले तुकडे शिजवून, हळद-मीठ-तिखट न घालता द्यावेत. बाजारातले सुकट द्यायचे तर आधी भिजवून त्यातले मीठ काढावे. कांदा-लसणाचा रस्सा कधीच देऊ नये, तो मांजराच्या रक्तपेशी फोडतो. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर एखादीसुद्धा जिवावर बेतते. वस्तीवर शौचाला बसायला माती आहे. शहरात त्यासाठी विकतची वाळू लागते, तिला ‘लिटर’ म्हणतात, आणि तिचे महिन्याला तीन-चारशे रुपये धरावे लागतात.

लशींचा खर्च टाळण्याकडे कल असतो. आठव्या-नवव्या आठवड्यात तीन रोगांची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे दरवर्षी. जिल्हा परिषदेचे आणि राज्याचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत, तपासणीचे शुल्क नाममात्र असते. पण त्यांचे सारे बळ गायी-म्हशींसाठी खर्च होते आणि मांजराची एकत्र लस बहुधा खासगी डॉक्टरकडेच घ्यावी लागते. तिच्या एका डोसला सातशे ते हजार रुपये, रेबीजला दोन-चारशे. जंताचे औषध त्या मानाने स्वस्त. ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो रोग दोन-तीन दिवसांत संपूर्ण वेत मारतो. सकाळी उड्या मारणारे पिल्लू संध्याकाळी पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेले दिसते, त्याला तहान असते आणि पाणी गिळवत नाही. हे एकदा पाहिलेला माणूस लशीची किंमत पुन्हा विचारत नाही. रेबीज तर माणसाच्याही जिवावर बेततो. मांजर चावले किंवा नख लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे लस मिळते.

भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते. दोन महिन्यांत विते, तीन ते पाच पिल्ले होतात, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रियेला खासगी दवाखान्यात साधारण अडीच ते पाच हजार लागतात. बोक्याला त्याहून कमी. सगळे धरले तर विकतच्या खाऊवर ठेवलेल्या फुकटच्या पिल्लाचे पहिले वर्ष पंधरा-वीस हजारांपर्यंत जाते. घरच्या अन्नावर आणि मातीवर ते बरेच खाली येते. लस आणि शस्त्रक्रिया मात्र दोन्हीकडे सारख्याच.

या जिल्ह्यात पिल्लू आणखी एका ठिकाणी सापडते, ते म्हणजे उसात. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला आणि पुढे प्रवरा, मुळा, गोदावरीच्या खोऱ्यांत ऊस पसरला. दाट, ओलसर, वर्षभर उभे राहणारे ते रानच. बिबट्याने त्यात घर केले, रानमांजराने केले आणि वाघाटीनेही. तोडणी सुरू झाली की कोयत्यापुढे पाचटात डोळे मिटलेली पिल्ले दिसतात आणि मजुरांची मुले ती मांजराची समजून उचलतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली जेमतेम दीड किलोची. तिच्या पिल्लाच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने मोठे असतात. ही पिल्ले घरी नेणे हा गुन्हा आहे. वाघाटी आणि बिबट्या दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा किमान तीन वर्षांची आणि दंड किमान पंचवीस हजार. करायचे ते सोपे असते. तोडणी त्या सरीपुरती थांबवावी, पिल्लाला हात लावू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. रात्री आई येते आणि पिल्ले घेऊन जाते. जुन्नर-संगमनेर पट्ट्यात वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले लोक अशा भेटी वर्षानुवर्षे घडवत आले आहेत.

त्याच उसातून बिबट्या वस्तीवर येतो, आणि वस्तीवरच्या मांजराला त्याची किंमत द्यावी लागते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिल्ह्यातल्या शेतशिवारात बिबट्याच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले. त्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता, आणि कुत्र्यांखालोखाल क्रम लागला मांजरांचा. शेळ्या संख्येने किती तरी जास्त, पण त्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात. अकोले-संगमनेरकडची माणसे शेळीसाठी जाळी ठोकतात, दाराला आडणा लावतात. मांजर ओट्यावर असते. दिवेलागणीला त्याला आत घेतले तर ते जगते, एवढा सरळ हिशेब आहे. दुसरा धोका घरातच ठेवलेला असतो. भरडलेल्या धान्यात गोडेतेल आणि झिंक फॉस्फाईड कालवून उंदरांसाठी ठेवतात. ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही तडफडून मरू शकते. ज्या घरात मांजर आहे तिथे हे आमिष ठेवू नये. एक उंदीर वर्षाला चार-पाच किलो धान्य खातो आणि त्याहून अधिक नासवतो. ज्वारीच्या पोत्यांची राखण करणाऱ्याचा जीव आपल्याच हातून जाऊ नये.

हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे जुन्या पिढीत सर्रास सांगत. जिवंतपणी ज्याचा बाजारात भाव नाही त्याच्या मरणाला सोने लावणारी ती समजूत शहाणी होती, कारण तिने कित्येक उगारलेले हात खाली आणले. कायद्याने ते जमलेले नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेला प्राणी उपासमारीला सोडून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणूनच नको असलेल्या वेताचे खोके बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओट्याखाली, देवळाच्या आवारात किंवा नगर-मनमाड रस्त्याच्या ढाब्यापाशी ठेवलेले सापडते. त्यात बहुतेक भाट्याच असतात. त्यातली थोडीच जगतात.

पिल्लू आणणाऱ्याने म्हणून एवढे करावे. आठ आठवड्यांआधी ते आईपासून तोडू नये, उरलेल्या भाट्यांतली एक उचलावी, आणि सहा महिन्यांची होण्याआधी तिला दवाखान्यात नेऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी.