पठारावरची चाकं

केळापूरच्या काळ्या मातीत चाकोरी टिकत नाही. पावसाळ्यात धुऱ्याजवळ ट्रॅक्टर आसापर्यंत रुतलेला मी कितीदा पाहिलाय. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, पहिल्या पावसात फुगून भेगा बुजवते, वखर फिरतो आणि पेरणीपर्यंत चाकाची खूण शोधूनही सापडत नाही.

साताऱ्याच्या पठारांवरची माती अशी सावरत नाही. मी केळापूरकडच्या पांढरकवड्याला वनस्पतिशास्त्र शिकवते. सप्टेंबरात साताऱ्याच्या मैत्रिणीकडे गेले, की आमची कासला एक फेरी ठरलेली. कास 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. हंगामात तिथे गाडी लांब उभी करावी लागते आणि तिकीट घेणारी गावकरी मंडळी वाटेबाहेर पाय पडू देत नाहीत. एका वर्षी मात्र आम्ही चाळकेवाडीच्या पठाराकडे वळलो. पवनचक्क्यांसाठी केलेल्या रस्त्यांनी गाडी थेट माथ्यावर जाते आणि तिथून पुढे अडवायला कुणी नसतं.

जांभ्याच्या कातळावर माती कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे नुसतंच शेवाळ. खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, चार महिने राहतं आणि आटतं. अशा एका खळग्याच्या काठाशी आम्ही बसलो. ओल्या मातीवर सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा होता. या कातळावर नत्र इतकं कमी, की ही इवलीशी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ते मिळवते. तिच्यात गेंदाची पांढरी बोंडं आणि मध्ये, पाण्यात, वायतुरा. पाण्याबाहेर आलेल्या दांड्याला दोन फाटे, त्यांवर गुलाबी-जांभळी बारीक फुलं. सह्याद्रीतली अशी काही पठारं सोडली, तर ही वनस्पती जगात कुठेही नाही. शास्त्रात तिची नोंद झाली तीही 1982 मध्ये. नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या रोपांवर येतात, म्हणजे बी धरायला दोन्ही रोपं जवळपास हवीत. पाणी आटलं, की वर काही उरत नाही. कंद तेवढा गाळात पुढच्या पावसाची वाट पाहतो. वर्गात हे मी कितीदा सांगितलं असेल, पण त्या थंडगार पाण्यात बोटं बुडवून ते रोप पाहताना मला भरून आलं.

शेजारचा खळगा रिकामा होता. ऐन सप्टेंबरात! त्याच्या काठाची माती चाकांनी कापली होती आणि त्या चरातून पाणी उताराला लागलं होतं. गाळात वायतुऱ्याची पानं आडवी पडून सुकत होती. गाडीखाली चिरडलेली झाडं लगेच दिसतात. पाणी महिनाभर आधी निघून गेल्यामुळे बी न धरलेली झाडं कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. मला त्यांचीच चिंता जास्त वाटते. काठाची बोटभर माती साठायला किती पावसाळे लागले असतील!

दुपारी त्या गाड्या आल्याच. चार मोठ्या जीप, उंच टायर, आणि वीस-पंचविशीतली हसतमुख पोरं. एक जीप पाण्याच्या दिशेने वळली तशी मी हात करून आडवी उभी राहिले. चालवणारा खाली उतरला.

"मॅडम, इथं तर नुसता दगड आहे. शेत नाही, काही नाही."

"दादा, दोन मिनिटं इकडं बसा," मी म्हटलं.

तो बसला. मी त्याला दोन फाट्यांचा तुरा दाखवला, मग शेजारचा कोरडा खळगा आणि चर. तो बराच वेळ चराकडे बघत राहिला. मग उठून त्याने बाकीच्या गाड्यांना मागे घ्यायला सांगितलं. दोघं कुरकुरले, पण वळले.

रस्ता सोडून गाड्या पळवण्याच्या या खेळाच्या मी विरोधात नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांसाठी खास सरकारी उद्यानं आहेत. त्याच राज्यात हंगामी डबक्यांत राहणारी एक बारीक कोळंबी आहे. तिची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. तिला 1994 मध्ये केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं. खेळाला जागा द्यायची आणि डबकं सोडायचं, हे दोन्ही जमतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर कातळ पोटखराब्यात जातो आणि तिथे काही जगतं, हे त्या कागदावर येत नाही.

आमच्याकडच्या टिपेश्वर अभयारण्यात सफारीची जिप्सी ठरलेला रस्ता सोडत नाही. ती शिस्त वाघासाठी आहे आणि लोक ती मुकाट्याने पाळतात. वायतुऱ्यासाठीही तेवढीच हवी, असं मला मनापासून वाटतं, आणि जून ते ऑक्टोबर या महिन्यांत तर कुठल्याच पठारावर रस्ता सोडून चाक जाता कामा नये.

त्या मुलाने निघताना माझा नंबर घेतला होता. पुढच्या पावसाळ्याआधी त्याचा फोन आला, "ताई, मग आम्ही जायचं कुठं?" मैत्रिणीने खाली एक बंद पडलेली दगडाची खाण पाहून ठेवली होती, मालकाशी ती बोललीही होती. तो पत्ता मी त्याला दिला. चाळकेवाडीच्या बाजूला जिथून गाड्या रस्ता सोडतात, तिथे मोठे दगड लावावेत म्हणून मैत्रिणीने ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. त्याच्या उत्तरासाठी ती दर आठवड्याला जाऊन विचारते.