श्रुती : कानाने ठरवलेले माप



‘श्रुती’ ही संज्ञा ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, या धातूपासून आली असून, ज्याचे वेगळेपण कानाला ओळखता येते असे नादाचे लहानात लहान अंतर, हा तिचा संगीतशास्त्रातील अर्थ होय. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती मानल्या असून षड्ज, मध्यम व पंचम यांच्या वाट्याला प्रत्येकी ४, ऋषभ व धैवत यांच्या ३, तर गांधार व निषाद यांच्या २ श्रुती येतात. पियानोच्या १२ समान भागांवर कान तयार झालेल्या विद्यार्थ्याला हे २२ समान भाग वाटतात, आणि बरेचसे घोटाळे तेथूनच सुरू होतात.

भरताने श्रुतीचे माप आकड्यांत दिलेलेच नाही. षड्जग्राम या मूळ स्वरमांडणीतील पंचम किंचित उतरवला की मध्यमग्राम ही दुसरी मांडणी सिद्ध होते, आणि या दोन पंचमांमधील अंतरास तो ‘प्रमाणश्रुती’ म्हणतो. पुढे तो सारख्या जुळवलेल्या दोन वीणा घेण्यास सांगतो. त्यांतील एक अचल ठेवायची आणि दुसरीचे सर्व स्वर टप्प्याटप्प्याने एकेक श्रुती उतरवायचे. दुसऱ्या टप्प्यात चल वीणेचे गांधार-निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतांना मिळतात, तिसऱ्यात ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांना, आणि चौथ्यात उरलेले तीन स्वर आपापल्या खालच्या स्वरांना मिळतात. म्हणजे ४, ६ आणि १२ मिळून २२ ची बेरीज कानानेच पुरी होते. ‘सारणाचतुष्टयी’ नावाच्या या प्रयोगाइतकी स्वच्छ मांडणी पुढच्या ग्रंथांत क्वचितच आढळते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात २२ तारांच्या वीणा योजल्या, आणि लगतच्या दोन तारांमध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये इतक्या जवळ त्या जुळवाव्यात असे सांगितले. कसोटी येथेही कानाचीच.

आकड्यांची ओढ फार नंतरची आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांना गुणोत्तरे दिली, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे काम पुढे नेल्यावर श्रुतींसाठी खास पेटीही घडली. हा खटाटोप अभ्यासपूर्ण होता, तरी प्राचीन ग्रामांचा हिशेब आजच्या रागांवर बसवण्याची त्यातील घाई मान्य करण्याजोगी नाही. भातखंडे यांनी तर स्वराला त्याच्या शेवटच्या श्रुतीऐवजी पहिल्या श्रुतीवर बसवून हा हिशेबच फिरवला.

आजचा गायक श्रुती मोजत नाही. दरबारी कानड्याचा गांधार नेहमीच्या कोमल गांधाराहून उतरलेला आणि सतत आंदोलित असतो, त्यामुळे त्याला एक गुणोत्तर देणे व्यर्थ ठरते. कर्नाटक संगीतात तर ‘श्रुती’ म्हणजे गायनाचा आधारस्वर, आणि श्रुतिपेटीचे नाव या अर्थावरून पडले आहे. २२ च्या हिशेबाशी तिचा संबंध नाही.